टायटॅनियमची खोडी

त्या घरात जेवणाच्या टेबलावर मिठावरून कधीच भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते टायटॅनियमवरून.

सासूबाई म्हणजे जन्मभर आधी कागद-पेन्सिल आणि मग कॉम्प्युटर घेऊन पदार्थांच्या पोटात काय चालतं याचं गणित मांडणारी बाई. सून त्याच पदार्थांना दोन हिऱ्यांच्या मध्ये धरून चिरडणारी. सासरे बेकरीवाले. त्यांचा विज्ञानाशी संबंध एवढाच, की एका शास्त्रज्ञ बाईशी त्यांनी संसार केला होता आणि आता घरात दुसरी आली होती. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, दातांचा डॉक्टर. टेबलावर विषय निघाला की तो आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जायचा.

"मी लोकांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवतो," तो जाता जाता म्हणायचा. "माझं टायटॅनियम बसवलं तिथं गप्प बसतं. तुमचंच तेवढं चळवळं!"

त्याचंही खरंच होतं. भांडणाचं मूळ तीच चळवळ.

शिसं, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचा एक स्फटिक असतो. आतून पाहिलं तर चौकोनी खोल्या, एकीला एक लागून, असंख्य. प्रत्येक खोलीच्या मधोमध टायटॅनियमचा अणू असायला हवा. पण तो तिथे नसतो. तो जरासा एका भिंतीकडे सरकलेला असतो. एवढ्याशा खोडीमुळे खोलीची एक बाजू धन आणि दुसरी ऋण होते. सगळ्या खोल्यांतले अणू एकाच दिशेला सरकले, की अख्ख्या स्फटिकाला विजेची दोन टोकं येतात. बाहेरून विजेचा जोर लावला तर सगळे मिळून समोरच्या भिंतीकडे उडी मारतात आणि जोर काढला तरी तिथेच राहतात. अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात.

आता हा स्फटिक दाबला, तर खोल्या लहान होतात आणि अणू मुकाट्याने मधोमध येऊन उभा राहतो. खोडी जिरते. इथवर सगळ्या जगाचं एकमत होतं.

सासूबाईंचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. आणखी दाबा, त्या म्हणायच्या. खूप दाबा. भिंती इतक्या जवळ आल्या की अणूंभोवतीचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि त्या रेटारेटीत मधोमध ताठ उभं राहण्यापेक्षा एखाद्या भिंतीशी संधान बांधणं अणूला स्वस्त पडतं. तो पुन्हा सरकतो. खोडी परत येते.

ऐन उमेदीत त्यांनी हे गणित एका परिषदेत मांडलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं होतं, "बाई, पिळलेलं लिंबू आणखी पिळलं म्हणून पुन्हा गोल होत नाही." सभागृह हसलं. सासूबाईही हसल्या.

"तिथे हसली," सासरे सांगायचे, "आणि घरी येऊन महिनाभर लिंबू आणू दिलं नाही."

गणित खरं की खोटं हे कुणी तपासलंच नाही, कारण तेवढा दाब देणारं जवळपास कुणी नव्हतं. मग मुलाने लग्न ठरवलं आणि मुलीला पहिल्यांदा घरी आणलं. सासूबाईंनी दारातच विचारलं, "काम काय करतेस?"

"दाब देते."

"किती?"

"हवेच्या दाबाच्या तीन लाख पट, म्हणजे तीन लाख वातावरणांपर्यंत गेलेय."

"चारपर्यंत का नाही गेलीस?"

"अगं, पोरीला आधी आत तरी येऊ दे!" सासरे मागून ओरडले. पण पोरगी उंबऱ्यातच बूट काढत सांगत होती, की तीनच्या पुढे हिऱ्यांची टोकं बारीक लागतात, आणि बारीक टोकं फुटतात. सासूबाईंनी तिचा दुसरा बूट स्वतः ओढून काढला आणि तिला हाताला धरून आपल्या टेबलापाशी नेलं. मुलगा आपला फुलं हातात घेऊन दारातच.

आता मात्र बारीक टोकांच्या हिऱ्यांची जोडी आली होती. सुनेच्या विद्यापीठातल्या विभागात तशी एकच. विभागप्रमुखांनी ती सुनेला एका प्रयोगापुरती दिली होती. फुटली तर पुढची कधी येईल हे ते स्वतःही सांगू शकत नव्हते.

"हे बघ," प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "मला खूश करायला काही करू नकोस. चूक असेन तर चूक. पण हे असं अधांतरी लोंबकळणं नको झालंय आता. एकदाचं कळू दे."

"आणि चूक निघालात तर?"

"तर तुझ्या नवऱ्याला सांग, टीव्हीसमोर मलाही एक खुर्ची ठेव म्हणावं."

सून हसली. पण रात्री तिला कळून चुकलं, की ते उत्तर 'हो' यावं अशी तिची स्वतःचीच इच्छा फार वाढलीय. प्रयोग करणाऱ्याला ही इच्छा म्हणजे बुटातला खडा.

प्रयोगशाळा तशी लहान होती. एक जाड पायांचं टेबल, त्यावर लेझर, आरसे, मायक्रोस्कोप. हिऱ्यांचं यंत्र मात्र मुठीत मावणारं: दोन हिरे टोकाला टोक लावून, मध्ये धातूचा पातळ पत्रा, पत्र्याला केसापेक्षा बारीक भोक. त्या भोकात स्फटिकाचा एक कण ठेवायचा, शेजारी माणकाचा दुसरा कण ठेवायचा, उरलेल्या जागेत निऑन वायू कोंडायचा आणि चार स्क्रू किल्लीने आवळत जायचं. माणकावर लेझर टाकला की ते लाल उजळतं, आणि त्या लाल रंगाची छटा दाबाबरोबर सरकते. दाबाची मोजपट्टी तीच.

सून मायक्रोस्कोपला डोळे लावून सुईच्या टोकाने काचेवरचा कण उचलायच्या तयारीत होती, तेवढ्यात सासरे आले. सकाळची भट्टी उरकून तसेच आलेले, अंगात बेकरीचा स्वेटर.

"बिस्किटं बाहेरच्या खोलीत ठेवलीत. मला माहितीये, इथे खायचं नसतं. बघू तरी काय ते!"

ती बाजूला झाली. सासरे मायक्रोस्कोपवर चांगले ओणवे होऊन बघत राहिले.

"अगं, हे तर काहीच नाही! एवढ्याशा मालासाठी एवढं मोठं दुकान?"

"बाबा, माल छोटाच लागतो. जागा जितकी लहान तितका दाब जास्त."

"म्हणजे टाचेच्या चपलेने पाय तुडवल्यासारखं."

"अगदी तसंच."

सासरे स्वतःवर खूश होऊन गेले. सुनेने सुई टेकवली, एक चकचकीत कण उचलला, भोकात सोडला, निऑन भरला आणि यंत्र बंद केलं. दुपारी सासूबाई आल्या, तेव्हा लेझर तयार होता.

खोडी शिल्लक आहे की नाही, हे बघण्याची तिची युक्ती साधी होती. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेझर कणावर सोडायचा. कणाच्या आतली मांडणी एका बाजूला कललेली असेल, तर त्यातला थोडा प्रकाश अर्ध्या तरंगलांबीचा होऊन बाहेर पडतो, म्हणजे हिरवा. सगळं मधोमध, समसमान झालं की हिरवा बंद. कॅमेऱ्यासमोर फक्त हिरवा जाऊ देणारी काच लावलेली, त्यामुळे स्क्रीनवर एकतर हिरवा ठिपका, नाहीतर अंधार.

ठिपका होता. ठळक. सून स्क्रू आवळत गेली. ऐंशी हजार वातावरणं, ठिपका आहे. एक लाख, आहे. सव्वा लाखाला तो विझायला हवा होता. जगाच्या मते आणि सासूबाईंच्याही मते.

तो विझला नाही.

"माणिक नीट बघितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"दोनदा बघितलं."

दीड लाख. ठिपका थोडा मंद झाला, पण हिरवा तो हिरवाच. कुणाच्या तरी तोंडून बातमी गेली आणि विभागप्रमुख धापा टाकत आले. स्क्रीनकडे बघून त्यांचे डोळे त्या ठिपक्याहून जास्त चमकायला लागले.

"विझतच नाही? कसल्याच दाबाला दाद देत नाही? अहो, हे तर त्या परत येण्याच्या भानगडीपेक्षा कितीतरी मोठं आहे! मी लगेच दोन-तीन लोकांना फोन करतो."

ते गेले. सासूबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. हिशेब पुन्हा पुन्हा करूनही जुळत नसला, की होतो तसा झाला होता.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "पण मजा बघ, माझ्यावर हसणारेही चुकले. लिंबू पिळलंच जात नाहीये." आणि मग जरा थांबून, "लिही तू हे. बिचकू नकोस. माझं काय, रद्दीवाल्याची तेवढीच सोय."

सुनेने वही ओढली. पण तिला काहीतरी टोचत होतं. गोष्ट फारच सरळ जुळून आली होती: ठिपका हलला नाही, उडी मारली नाही, दाबाचं त्याला जणू काहीच देणंघेणं नव्हतं. खोडकर पोर एवढं गुणी वागायला लागलं तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघते.

तिने इन्फ्रारेड बंद केला आणि साध्या लेझरने कणाचा पूर्ण आलेख काढला, आतले अणू कसे थरथरतात ते दाखवणारा. शिशासारखे जड अणू सावकाश थरथरतात, त्यांची गर्दी डावीकडे असते. इथे डावीकडे काहीतरी भलतंच होतं. आणि खूप लांब, उजव्या टोकाला, जिथे सपाट माळरान असायला हवं, तिथे उंचवटे उभे होते.

एवढ्या झपाट्याने थरथरतो तो एकच. हायड्रोजन.

"आई, आपल्या स्फटिकात हायड्रोजन आहे?"

"शिसं, टायटॅनियम, ऑक्सिजन. हायड्रोजन कुठून येणार?"

"निऑनमध्ये?"

"निऑन म्हणजे निऑन."

"हिऱ्यात?"

"हिरा म्हणजे कोळसा. अगं, परीक्षा घेतेयस का माझी?"

सून आलेखाकडे बघत राहिली. कार्बनला चिकटलेला हायड्रोजन. पांढरा, चकचकीत, पारदर्शक कण, जो काचेवर तिने ठेवलेला नव्हता आणि तरी तिथे होता. मायक्रोस्कोपवर ओणवा झालेला स्वेटर तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने फोन लावला.

"बाबा, आज बिस्किटांवर वरून काय भुरभुरवलंत?"

"दळलेली साखर. का? कमी पडली?"

सून जी हसत सुटली ती काही थांबेना. फोन तसाच चालू, पलीकडून "अगं बोल की, झालं काय!" आणि ती स्टुलावर दोन्ही हातांनी पोट धरून बसलेली. सासूबाई आधी तिच्याकडे, मग आलेखाकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला तसा त्यांनी चष्माच काढला.

"म्हणजे दुपारपासून आपण..."

"साखर दाबतोय, आई! दीड लाख वातावरणांनी!"

चहाच्या सामानातला साखरेचा एक दाणा आणून तिने काचेवर लेझरखाली धरला. स्क्रीनवर दिमाखात हिरवा ठिपका उगवला. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "विझेल कशाला? साखरेच्या रेणूला हातासारखं डावं-उजवं असतं. मूठ कितीही आवळ, उजव्या हाताचा डावा होत नाही. मला सुचायला हवं होतं गं! आणि तुझे साहेब?"

"बाप रे, साहेब!"

ती कॉरिडॉरमधून धावत सुटली. विभागप्रमुखांचा पहिला फोन नुकताच लागला होता. सगळं ऐकून त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला, सुनेकडे काही क्षण बघितलं आणि फोनवर म्हणाले, "नाही, काही नाही, सहज केला होता. घरचे कसे आहेत?"

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना दारातच अडवण्यात आलं. हिरे शाबूत होते, ते धुतले. नवा पत्रा घेतला. या खेपेला सुनेने यंत्र बंद करण्याआधीच कणाचा आलेख काढला: डावीकडे शिशाची गर्दी, उजवीकडे सपाट माळरान. खरा स्फटिक.

"आता एक अट," सासूबाई म्हणाल्या. "स्क्रीन आपण दोघींनी बघायची नाही."

"का?"

"तुला तो ठिपका दिसावासा वाटतो. मला तर कधीपासून वाटतो. असल्या डोळ्यांना अंधारातही हिरवं दिसतं. पक्षपाती नसलेलं माणूस हवं, ज्याला कधी काय दिसायला हवं ते माहीतच नाही."

असं माणूस दारातच उभं होतं. सासऱ्यांचा स्वेटर काढून घेतला, त्यांना शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसवलं आणि मधलं दार अर्धं लोटलं.

"मी करायचं काय?"

"जे दिसेल ते बोलायचं. आम्ही विचारू तेव्हा," सुनेने सांगितलं.

"जन्मभर हेच करतोय," सासरे म्हणाले. "हिने विचारलं की बोलायचं."

सून स्क्रू आवळू लागली. सासूबाई माणकाची छटा वाचून दाब पुटपुटत होत्या, पलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"बाबा?"

"हिरवा. छान आहे."

जरा वेळाने, "बाबा?"

"हिरवाच. पण पहिल्यासारखा नाही. शिळा झालाय."

सव्वा लाख. "बाबा?"

"गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. आता काय त्याच्या नावाने आंघोळ करू?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. इथवर जग बरोबर आणि सासूबाईही बरोबर. आता पुढे लांबच लांब अंधार होता. दोन लाख. "अंधार." अडीच. "अंधार. चहा मिळेल का?" तीन लाख. "अंधार, आणि चहा नाही." सुनेचं बोट किल्लीवर दुखायला लागलं होतं. एवढ्या दाबाला स्क्रू केसभर फिरवतानाही माणूस श्वास धरतो, कारण हिरा फुटताना आधी निरोप पाठवत नाही.

साडेतीन लाख. सासूबाईंच्या गणिताप्रमाणे इथे अणूने सरकायला हवं होतं.

"बाबा?"

"अंधार."

"नीट बघा ना."

"सूनबाई, अंधार नीट कसा बघतात?"

पावणेचार. अंधार. सासूबाईंनी हळूच तिच्या मनगटावर हात ठेवला. "बास कर, पोरी. हिरे जातील. विभागाची एकच जोडी आहे, तुला पुढे कामाला लागेल."

सुनेने माणकाकडे बघितलं. त्याची लाल रेष अजून तरतरीत होती. दाब वेडावाकडा झाला की ती पसरट होते. पत्र्याचं भोकही गोल होतं. हिरे थकल्याची एकही खूण नव्हती. तिला नुसती हौस असती तर ती थांबली असती. पण तिच्या हाताखालचं यंत्र सांगत होतं, की अजून जागा आहे.

"अजून थोडं झेपेल, आई. हे मी म्हणत नाही, माणिक म्हणतंय. इथे थांबलं तर पुन्हा लोंबकळायचं."

सासूबाईंनी हात काढून घेतला. तिने किल्ली फिरवली, थांबली, दाब स्थिरावू दिला. पुन्हा फिरवली. चार लाख. विचारायचं धाडस दोघींपैकी कुणालाच होईना. शेवटी पलीकडूनच आवाज आला.

"अगं, विचारत का नाही? मी कधीचा थांबलोय."

"काय दिसतंय?" दोघी एकदम.

"उजव्या बाजूला काहीतरी आहे. अगदी बारीक. मांजर अंधारात बघतं ना, तसं."

"रंग?" सासूबाईंचा आवाज भलताच निघाला.

"त्या काचेतून दुसरा कुठला रंग येणार? हिरवा!"

सून जागची हलली नाही. उड्या मारायच्या आधी करायची कामं तिला पाठ होती. तिने पूर्ण आलेख काढला: उजवीकडे माळरान सपाट, साखर नाही. मग काही न सांगता तिने स्क्रू किंचित सैल केले. "बाबा?" "विझला, अरेरे!" पुन्हा आवळले. "बाबा?" "आला, आला!" पुन्हा सैल. "काय चाललंय तुमचं? धड ठेवा की त्याला!"

तेव्हा कुठे ती किंचाळली. एवढ्या जोरात, की विभागप्रमुख हिरे फुटले समजून धावत आले. दारातून स्क्रीनकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "हे... हे नक्की काय आहे या खेपेला?" आणि सासऱ्यांनी छाती काढून सांगितलं, "आमच्या दुकानाचं नाही, एवढं नक्की."

सासूबाई मात्र कोपऱ्यातल्या फळ्यासमोर जाऊन उभ्या होत्या.

"चार लाख," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "माझं साडेतीन. पन्नास हजारांचा फरक! म्हणजे ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन मी फारच सैल धरले. कुठे गं, कुठे चुकले मी?" त्यांचे डोळे वाहत होते आणि हातातला खडू थांबत नव्हता. चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस सुनेने आजवर बघितलं नव्हतं.

"बरोबर आलं तरी रडते, चुकलं तरी हसते," सासरे म्हणाले. "प्रोफेसरबाई, इकडे ये. अंधारात बसून डोळे माझे फुटले आणि तू स्वतः अजून बघितलंही नाहीस."

खरंच की. सासूबाई खडू टाकून मागे वळल्या. सुनेने मधलं दार सताड उघडून स्क्रीन यंत्राच्या बाजूला वळवली, ठिपका विझेपर्यंत स्क्रू सैल केले आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"मी? अगं, मी उभ्या आयुष्यात कशाला हात लावलेला नाही. फोडून ठेवीन!"

"मी सांगते तेवढंच फिरवा."

सासूबाईंनी हात पदराला पुसले, किल्ली दोन्ही हातांनी धरली आणि लहान मुलासारखी जीभ ओठांत दाबली. सुनेने मागून त्यांच्या हातांवर हात ठेवले, मग काढून घेतले.

"केसभर. बास. आता थांबा."

स्क्रीनवर अंधार होता. आणि मग त्या काळ्यात, उजव्या बाजूला, आधी असल्या-नसल्यासारखा आणि मग हळूहळू ठाम होत, हिरवा ठिपका उगवला; टायटॅनियम आपल्या भिंतीकडे सरकलं.

"दिसलं?" सुनेने विचारलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा करू दे."